वहिनीची पवारणा आणि माझी

दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला आजही चटकन सोसत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवणार नाही. परवाच वहिनीच्या नातवाने तिचा विहारात वाचतानाचा व्हिडिओ काढला आणि मोबाईलवर सगळीकडे पाठवला. पासष्टीला आलेली बाई, तोंडात मोजून चार दात, पण आवाज अजून खणखणीत. वॉर्डातला जो भेटेल तो मला थांबवून म्हणत होता, "तुमच्या वयनीचा व्हिडिओ पाह्यला का?" मी "हौ, पाह्यला ना" म्हणत होते आणि घरी येऊन, वरणात हिंग जास्त झाला म्हणून सुनेवर ओरडत होते. आणि मी कोण, तर एके काळी धम्माच्या परीक्षेत मैत्री आणि मुदितेच्या, म्हणजे दुसऱ्याच्या सुखात सुख मानायच्या, पेपरात पहिली आलेली बाई. आता मोकळं बोलायचं वय झालंय, म्हणून त्या वर्षीच्या वर्षावासाबद्दल लिहिते आहे.

महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे, बालाघाटला, वैनगंगेच्या अंगाच्या वॉर्डात आमचं घर होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, आणि पडवीत माय. माय दिवसभर विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, आणि कैचीचा कच-कच आवाज. आमच्या घराचं घड्याळ म्हणजे हा आवाज होता. तो थांबला की शेजारीण कुडावरून विचारायची, "शकुन, तुही माय बिमार हाय का वं?" बाबा बैहरच्या लाकूड डेपोत मोजणीदार होते. सोमवारी पहिल्या बसने जायचे आणि शनिवारी संध्याकाळी परतायचे, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला ओल्या लाकडाचा वास असायचा. शनिवारी माय काहीतरी वेगळं करायची. नदीचे झिंगे मिळाले तर झिंगे, नाही तर लाखोळीची डाळ, गरम भात आणि जवसाची चटणी. बाबा ताटावर बसून आठवड्याभराच्या जंगलातल्या गोष्टी सांगत, आणि मी त्यांच्या उजव्या हाताला बसत असे. ती जागा माझी होती. दादासुद्धा तिथे बसत नसे, कारण बसला तर मी जेवत नसे.

शाळा आमची हिंदी. मराठी घरात बोलायची, चुलीपाशी भांडायची. ती वाचायला मला बाबांनी शिकवली, दहा वर्षांची असताना, धम्माच्या जाड ग्रंथावरून. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यात भिक्खू एका जागी मुक्काम करतात ते, तीन महिने विहारात हा ग्रंथ वाचायची चाल आहे. मोठ्या गावांत रोज वाचतात, पण आमच्याकडे विड्यावाल्या बाया आणि मजूर माणसं, रोज कोणाला सवड, म्हणून आमच्या वॉर्डात रविवारी वाचन होई. अकराव्या वर्षापासून ते मी करत असे. समोर बायाबापडे, मागे उभे बापये, मेणबत्तीचा वास, आणि शेजारी बाबा. वाचन संपलं की कोणीतरी म्हणायचंच, "बापाची पोरगी हाय बाप्पा!" आठवड्यातले सहा दिवस बाबा जंगलाचे होते, पण सातव्या दिवशी ते सगळ्यांच्या देखत माझे असत.

मग दादाचं लग्न झालं. दादा वारासिवनीच्या धानाच्या मिलमध्ये कामाला होता. मुलगी केली गोंदियापलीकडच्या खेड्यातली, इंदू नावाची. सावळी, उंच, हसताना तोंडावर पदर धरणारी. माहेर महाराष्ट्रातलं, म्हणून शाळा मराठी, दहावीपर्यंत. पहिल्या वर्षावासात माझा गळा बसला होता. बाबा सहज म्हणाले, "इंदू, एक पान तू वाच." एका पानाची दहा पानं झाली. मी ग्रंथ वाचायचे तो खडी फोडल्यासारखा, एकेक शब्द वेगळा. ही वाचत होती तशी जणू समोर बसून आपल्याशी बोलते आहे. बायांची चुळबुळ थांबली. एक रडकं लेकरू झोपलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, आणि माझ्या वाचनाला त्यांनी कधी डोळे मिटले नव्हते, हे मला तिथेच लक्षात आलं. पुढच्या रविवारी माझा गळा ठणठणीत होता. मी नवी साडी नेसून तयार झाले. बाबा म्हणाले, "आज बी इंदूच वाचन. तुह्या गळ्याले आराम भेटू दे." माझ्या गळ्याला तो आराम पुढे तीन वर्षं भेटला.

हेव्याला काम फार असतं. मी तिच्या वाटीतले झिंगे मोजायचे. तिने वळलेल्या विड्यांत ढिली सापडली तर मायला दाखवायचे. ती आंबाडीची भाजी करायची तेव्हा मी मुद्दाम पाणी जास्त प्यायचे, म्हणजे तिखट झाली हे सगळ्यांना कळावं. बाबा मात्र दोनदा भाजी घ्यायचे. वहिनी माझ्याशी वाईट वागत होती का? मुळीच नाही, आणि त्याचाच तर राग यायचा. माझ्या केसांना तेल ती लावायची, माझ्या परकराला टीप ती घालायची. वाईट वागली असती तर निदान चारचौघांत बोलायला जागा झाली असती.

चौथ्या वर्षी नागपूरकडून एक भंतेजी आमच्या विहारात वर्षावासाला राहिले. चष्मा, बारीक अंगकाठी, बोलणं अगदी हळू. त्यांनी जाहीर केलं की यंदा नुसतं वाचन नाही, अभ्यासक्रम होईल. दर रविवारी दुपारी वर्ग, शेवटी पेपर, आणि अश्विन पौर्णिमेला समारोप. बारा जणांची नावं लागली. आमच्या घरातून दोन, वहिनीचं आणि माझं. त्या पौर्णिमेला ग्रंथाचा शेवटचा भाग कोण वाचणार आणि भंतेजी गेल्यावर विहारातला मुलांचा वर्ग कोण चालवणार, ते भंतेजी ठरवणार होते. मला ती जागा हवी होती. बाबांच्या शेजारची माझी जागा परत मिळवायचा तेवढाच एक रस्ता मला दिसत होता.

भंतेजींनी फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या, प्रेम, नाती आणि श्रद्धा, आणि तीन महिने त्यांच्याभोवतीच शिकवलं. आई-लेक, नवरा-बायको, मालक-मजूर, कोणी कोणाशी कसं वागायचं. श्रद्धा म्हणजे डोळे झाकणं नव्हे, हे. मैत्रीभावनेचा सराव तर दर वेळी असे. डोळे मिटून आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग आवडत्या माणसाचं, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही अशा कोणाचं, आणि शेवटी जो डोळ्यांसमोर नको वाटतो त्याचं. शेवटच्या पायरीवर सगळे जण आपापला वैरी शोधत कपाळाला आठ्या घालून बसत. माझा वैरी माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला असे, आणि मी त्याच्याऐवजी शाळेतल्या एका मेलेल्या मास्तरांचं भलं चिंतत असे. मुदितेच्या दिवशी भंतेजी म्हणाले, "दुसऱ्याचं दुःख पाहून डोळे भरते, ते सोपं आहे. दुसऱ्याच्या घरी आनंद आला, की आपलं पोट दुखते. माणूस तिथं कळते." मी मान डोलावली. सगळ्यांत जास्त मीच डोलावली असेन. पेपरात मी मुदितेवर चार पानं लिहिली आणि पहिली आले. वहिनीने त्या प्रश्नाला दोन ओळी लिहिल्या होत्या, "मला हे अजून जमत नाही. जमलं की लिहीन." भंतेजींनी तिचा पेपर सगळ्यांना वाचून दाखवला. माझा नाही दाखवला. पौर्णिमेला कोण वाचणार, ते तेव्हाच सगळ्यांना कळलं.

वहिनीची आई त्या उन्हाळ्यातच वारली होती. पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी, माय विड्या द्यायला कारखान्यात गेली असताना, वहिनीने मला खोलीत बोलावलं. तिने आपली लोखंडी पेटी उघडली आणि साड्यांच्या खालून एक पुरचुंडी काढली. आत देवीचा टाक होता, रुपयाहून थोडा मोठा, घासून घासून तोंड पुसट झालेला.

"माह्या मायनं मरतानी देल्ला," ती म्हणाली. "तिले तिच्या मायनं देल्ता. सबन देव पाण्यात सोडले, पण हा तिनं तांदळाच्या कणगीत लपवून ठेवला. मी पुजत नाई, शकुन. फकस्त कधी कधी चिंचेनं घासते. मायचे हात आठवते."

"दादाले मालूम हाय?"

"नाई. कोणालेच नाई. तुले सांगून राह्यली, तू माही बहीणच हाय म्हणून."

आमच्या समाजात धम्म घेतलेल्या घरी असा टाक निघणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. ज्यांनी आम्हाला देवळाच्या पायरीवर चढू दिलं नाही त्यांचे देव आम्ही नदीला दिले, यात आमची सगळी ताठ मान होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते, आणि मला, खोटं कशाला लिहू, मनातून उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पवारणा होती. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांना विनंती करतात, की माझा जो दोष तुम्ही पाहिला, ऐकला, किंवा ज्याची शंका आली, तो अनुकंपेने मला सांगा. भंतेजी म्हणाले की आपल्या वर्गानेही हे करायचं, सगळ्या उपासक-उपासिकांच्या समोर. एकेकाने पुढे बसायचं आणि विनंती करायची. ज्याला सांगायचं त्याने सांगायचं. भंतेजी तीनदा विचारणार. तीनदा विचारूनही कोणी बोललं नाही, तर त्या माणसात दोष नाही असं धरायचं आणि सगळ्यांनी 'साधु' म्हणायचं. निम्मे जण त्या रविवारी, निम्मे मंगळवारी पौर्णिमेला. बाबांनी त्यासाठी डेपोतून सुट्टी काढली होती.

सुरुवातीला गंमतच झाली. एकाला सांगितलं, तू विहारात येतानी दारू नाई पेत, पण जातानी पेतं. एकीला म्हणाले, तुही बकरी बांधत जा. मग वहिनी पुढे बसली. हात जोडून तिने विनंती म्हटली. एक म्हातारी म्हणाली, "आवाज थोडा मोठा कर बाई, मले कमी आयकू येते." सगळे हसले. भंतेजींनी दुसऱ्यांदा विचारलं. मी उभी राहिले.

"मी अनुकंपेनं सांगते," मी म्हटलं. भंतेजींनी शिकवलेले शब्द, एकही न चुकवता. "वयनीच्या पेटीत देवीचा टाक हाय. ते लपवून ठेवते."

वहिनी माझ्याकडे पाहत होती. रागाने नव्हे, तर ओळखीचं माणूस अचानक ओळखू येईनासं झाल्यावर पाहतात तसं. भंतेजींनी विचारलं, "खरं आहे, इंदू?" ती म्हणाली, "हौ, भंतेजी." तेवढंच. आपल्या मायचं काही सांगितलं नाही, तांदळाच्या कणगीचंही नाही. मग एकच गलका झाला. विहार समितीचे सचिव गोवर्धन काका उठून म्हणाले, "घरात देव ठेवणारी बाई पौर्णिमेले ग्रंथ वाचन? लेकराईले शिकवन?" बाबा उठले आणि बाहेर पडले. मी त्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि मला वाटलं, झालं, जमलं.

घरी आल्यावर वहिनीने ती पुरचुंडी आणून अंगणात खाटेवर बसलेल्या बाबांच्या पायाशी ठेवली. "मामाजी, तुमीच टाका वैनगंगेत. माह्या हातानं नाई होत." मी आत पानं भिजवत होते, पण कान तिकडेच होते. बाबांनी टाक हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"बस, इंदू," ते म्हणाले. "आमी धम्म घेतला तवा मी चौदा वर्साचा होतो. घरचे सारे देव टोपल्यात भरले अन् मीच डोक्यावर घेऊन नदीत सोडून आलो. मोठ्या तोऱ्यात गेलतो. माय दारात उभी होती, काही बोलली नाई. जे केलं ते बराबर केलं, आजबी म्हणतो. पण मी मायले इचारलं नाई. तिच्या मायचा हात लागला होता त्या देवाईले, ते माह्या ध्यानातच नाई आलं. मंग मरेपर्यंत ते माह्याशी कधी हासून बोलली नाई." त्यांनी पुरचुंडीची गाठ परत मारली. "हे घे. पुजू नोको. ठेव."

वहिनी रडत होती. आणि मी आत ओल्या पानांत हात घालून बसले होते, आणि माझ्या मनात काय होतं तर एवढंच, की ही गोष्ट बाबांनी मला कधीच सांगितली नव्हती. इतके शनिवार, इतके रविवार त्यांच्या उजव्या हाताला बसले, वाघाच्या आणि अस्वलाच्या गोष्टी ऐकल्या, पण आपल्या मायची ही गोष्ट त्यांनी मला दिली नाही. ती दिली त्यांनी परक्या घरून आलेल्या पोरीला, आणि तिला ती मिळवून दिली मी. थोड्या वेळाने ते पाणी प्यायला आत आले. मी उभी राहिले. माठापाशी वाकून ते म्हणाले, "शकुन, तू खोटं काई नाई बोलली." पाणी प्यायले आणि बाहेर गेले. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पौर्णिमेला विहार भरून गेला होता. मागच्या बाजूला मोठ्या गंजात खीर शिजत होती आणि तांदूळ-वेलचीचा वास आत येत होता. समितीने आदल्या दिवशीच भंतेजींना कळवलं होतं की इंदूने वाचू नये. बाबा सगळ्यांसमोर उभे राहून भांडले. म्हणाले, "आपल्यातल्या कोणाकोणाच्या मायनं काय काय लपवलं होतं, ते पेट्या उघडून पाहू का?" गोवर्धन काका तरी ऐकेनात. शेवटी वहिनीच उठली. "मामाजी, राहू द्या. शकुनले वाचू द्या. पयले बी तेच वाचत होती." भंतेजींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "आधी तिची पवारणा होऊ द्या."

मी पुढे बसले. हात जोडले. खरं सांगते, मी तयारीने आले होते. कोण काय म्हणेल ते मनात घोकलं होतं. विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर आणलं, असं वहिनी म्हणेल. जळकी आहे, असं शेजारीण म्हणेल. बाबा उभे राहतील आणि इतक्या जोराने बोलतील की मला रडू येईल, आणि मग ते मला घरी घेऊन जातील. उत्तरं पाठ केली होती, पण उत्तरं द्यायची नव्हती मला. मला ऐकून घ्यायचं होतं. पदर डोक्यावरून घेऊन मी म्हटलं, माझा जो दोष तुम्ही पाहिला, ऐकला, किंवा ज्याची शंका आली, तो अनुकंपेने मला सांगा.

भंतेजींनी विचारलं. कोणी बोललं नाही. खिरीच्या गंजात कोणीतरी मोठा डाव फिरवत होतं, त्याचा आवाज येत होता. दुसऱ्यांदा विचारलं. शेजारीण चटईची काडी उकलत होती. माय आपल्या बोटांकडे पाहत होती. भंतेजी थोडे थांबले, माझ्यासाठी थांबले असावेत, आणि तिसऱ्यांदा विचारलं. मी वहिनीकडे पाहिलं. तिने मांडीवरच्या आपल्या लेकराचं नाक पुसलं. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते, अगदी शांतपणे, बसमध्ये समोर बसलेल्या माणसाकडे पाहावं तसे.

"दोष नाही," भंतेजी म्हणाले.

सगळे म्हणाले, साधु, साधु, साधु. बाबांचा आवाजही त्यात होता, मी नीट ऐकला. मग मी ग्रंथाचा शेवटचा भाग वाचला, एकही शब्द न अडखळता. मुलांचा वर्गही पुढे कितीतरी वर्षं मीच घेतला. वाचन झाल्यावर खीर वाटली. वाटी हातात घेऊन मी खांबापाशी उभी होते. पलीकडे वहिनी बसली होती आणि बाबा वाकून तिच्या वाटीत अजून एक डाव खीर घालत होते. तिचा दोष निदान कोणीतरी तिच्या तोंडावर सांगितला होता. मला तिचा हेवा वाटला.